अहिल्या नाव ठेवू का? सासूबाई म्हणतात, ते शापाचं आहे

पत्र

ताई, माझी लेक आता महिन्याची होईल. बारसं पुढच्या पंधरवड्यात करायचं ठरलंय. मला आणि माझ्या नवऱ्याला तिचं नाव 'अहिल्या' ठेवायचंय, पण सासूबाईंचा ठाम नकार आहे. त्या म्हणतात, "अहिल्या म्हणजे शिळा झालेली बाई. शापाचं नाव लेकराला कशाला? आणि होळकरांची अहिल्याबाई म्हणत असशील, तर तिनं तरी काय सुख पाहिलं? नवरा गेला, मुलगा गेला, लेक सती गेली." नणंदेला नाव जुनाट वाटतं, तिनं 'अनाया' सुचवलंय. शेजारच्या काकूंनी तर विचारलं, "हे नाव धनगर समाजात ठेवतात ना?" नवऱ्याचा एक मित्र म्हणाला, आता हे नाव राजकारणात गेलंय. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नाहीये. हे नाव मुळात आलं कुठून? अहल्या बरोबर की अहिल्या? आणि मी हट्ट सोडावा का?
— नाशिकची एक वाचक

उत्तर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हट्ट सोडू नका. पण सासूबाईंना गप्प करून नाव ठेवू नका. तुमच्या पत्रातल्या सगळ्या माणसांत त्या नावाचा मनापासून विचार केलाय तो त्यांनीच. त्यांना गोष्ट माहीत आहे, इतिहास माहीत आहे, आणि नातीचं वाईट होऊ नये एवढंच त्यांना हवंय. अशा माणसाला 'हल्ली असलं कुणी मानत नाही' म्हणून उडवून लावलं, तर नाव राहील आणि मनातली अढीही राहील. त्यांच्याशी त्या गोष्टीवरच बोलायला हवं.

ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय ती अशी. इंद्र गौतमऋषींच्या वेषात आला, ऋषींनी शाप दिला, अहल्या शिळा होऊन पडली, मग रामाचा पाय लागला आणि तिचा उद्धार झाला. कीर्तनात हेच, कॅलेंडरवरच्या चित्रात हेच, शाळेच्या गॅदरिंगमध्येही हेच. वाल्मीकींच्या बालकांडात मात्र शिळा नाहीच. तिथे गौतम तिला सांगतात की तू वारा पिऊन, अन्नावाचून, राखेत पडून, कुणाच्याही नजरेला न दिसता या आश्रमात तप करत राहशील. पुढे विश्वामित्रांबरोबर राम-लक्ष्मण त्या ओसाड आश्रमात येतात, तेव्हा ती त्यांना धुरानं वेढलेल्या अग्निज्वाळेसारखी दिसते. आणि मग ते दोघे भाऊ तिच्या पाया पडतात. हे वाक्य सासूबाईंना दोनदा वाचून दाखवा. वाल्मीकींचा राम तिला पाय लावत नाही, तो तिचे पाय धरतो. ती त्या दोघांना पाद्य देते, अर्घ्य देते, पाहुणचार करते. गौतम परत येतात आणि दोघं पुन्हा एकत्र तपाला लागतात. दगड नंतरच्या काव्यांत आला. कालिदासाच्या 'रघुवंशा'त तो आहे, आणि पुढे तोच लोकांच्या मनात बसला.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नका. बालकांडात असंही स्पष्ट लिहिलंय की वेष पालटून आलेल्या इंद्राला तिनं ओळखलं होतं. उत्तरकांडात हीच कथा वेगळी येते, तिथे सारा अपराध इंद्राचा आहे. सासूबाई पोथी वाचणाऱ्या असतील तर त्यांना हे ठाऊक असेल, आणि तुम्ही सोयीचं तेवढंच सांगितलंत तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही त्यांचा विश्वास बसणार नाही. मला स्वतःला ही बाई म्हणूनच जवळची वाटते. तिच्या हातून घडलं की तिच्यावर लादलं गेलं, यावर पुराणांचं एकमत नाही. पण त्यानंतरचं तिचं तप आणि तिचा मान यावर कुणाचंच दुमत नाही.

आणि इंद्राचं काय? सुरेंद्र, देवेंद्र, महेंद्र, पुरंदर ही सगळी इंद्राचीच नावं. आपल्या नात्यागोत्यात ती ठेवताना कुणी कधी म्हटलं का, की हा तोच, गौतमांच्या आश्रमात शिरलेला? पिढ्यानपिढ्या आपण अपराध्याचं नाव मुलांना हौसेनं देत आलो, आणि जिनं शिक्षा भोगली तिचं नाव मुलीला द्यायला घाबरतो. हा अन्याय आहे, आणि तो आपल्यासारख्या साध्या घरांतूनच चालू राहिलाय. बारशासारख्या प्रसंगी तो थोडासा दुरुस्त करता येतो, याचा मला आनंदच होईल.

सासूबाईंच्या पिढीला सकाळी उठल्यावर म्हणायचा एक श्लोक पाठ असतो: अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा. कुठे सीतेच्या जागी कुंती म्हणतात. या पाचजणींचं रोज स्मरण केलं की महापातकं जातात, असं त्याच श्लोकात पुढे म्हटलंय. सगळ्यात पहिलं नाव अहल्येचं आहे. ज्या नावाच्या नुसत्या उच्चारानं पाप जातं अशी श्रद्धा आहे, ते नाव लेकराला अशुभ कसं ठरेल? याच पाचांतल्या तारेकडे बघा. वालीची बायको, नवरा मारला गेल्यावर सुग्रीवाच्या घरी राहिलेली. पण 'तारा' नाव ठेवताना कुणालाच ती आठवत नाही. आपल्याला आकाशातला तारा आठवतो, नाहीतर १७०० साली राज्य हाती घेऊन औरंगजेबाशी लढणारी ताराराणी आठवते. कोल्हापूरच्या बाजूला ते नाव किती अभिमानानं घेतात! एका नावाची गोष्ट दुसऱ्या बाईनं पुसून टाकली, असं तारेच्या बाबतीत झालं. अहिल्येच्या बाबतीतही तेच व्हायला हवं होतं, निम्मं झालंही आहे.

नावाच्या अर्थाचं थोडक्यात सांगते. उत्तरकांडात म्हटलंय की हल म्हणजे कुरूपता, आणि जिच्यात ती नावालाही नाही ती अहल्या. ब्रह्मदेवानं सगळ्या प्रजेतलं उत्तम ते वेचून तिला घडवली, म्हणून हे नाव. 'हल' म्हणजे नांगर असा अर्थ घेऊन नांगर न लागलेली जमीन असंही सांगतात. तुम्हाला आवडेल तो अर्थ घ्या. अशुभ म्हणावं असं दोन्हींत काही नाही.

आता चौंडीला येऊ. जामखेड तालुक्यातल्या या गावात ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी मुलगी झाली आणि त्यांनी तिचं नाव अहिल्या ठेवलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातलं, देवाधर्माचं, रीतीभाती पाळणारं घर. त्यांनाही ती शापाची गोष्ट माहीत असणारच. तरी त्यांना हे नाव लेकीला द्यावंसं वाटलं. सासूबाईंना माझा हा एकच प्रश्न विचारा: माणकोजी पाटील भ्याले नाहीत, मग आपण का भ्यायचं?

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त जड आहे, आणि त्याला मी हलकं करणार नाही. अहिल्याबाईंनी दुःख फार सोसलं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडले, तेव्हा त्या तिशीच्या आतल्या होत्या. सती जायला निघालेल्या सुनेला सासरे मल्हारराव होळकरांनी थांबवलं. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारल्यावर लेक मुक्ताबाई सती गेली. आईनं विनवण्या करूनही ती थांबली नाही. हे वाचताना आजही गलबलून येतं. पण त्या काळच्या कुठल्याही सरदार घराण्याचा वंशवृक्ष काढून पाहा. लढाया, रोगराई, बाळंतपणं यांनी प्रत्येक घरातली माणसं अशीच अकाली नेली आहेत. राधा, रमा, पार्वती, गोपिका, त्या घरांतल्या कुठल्याही नावाच्या बाईला ते चुकलं नाही. दुःख काळाचं होतं, त्याचं खापर नावावर फोडू नये.

आणि त्या दुःखातून त्या काय करत राहिल्या, तेही सांगायला हवं. १७६५ च्या सुमाराची मल्हाररावांची सुनेला लिहिलेली पत्रं आहेत. त्यांत ते तिला चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तोफखान्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्था लाव, असं सांगतात. सासरा सुनेला मोहिमेवर निघताना तोफांची जबाबदारी देतो! तुम्ही सून आहात, त्या सासूबाई आहेत, म्हणून हा तपशील मुद्दाम देते. १७६७ पासून १७९५ पर्यंत, शेवटच्या श्वासापर्यंत त्यांनी राज्य केलं. नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी नेली, विणकरांना तिथे वसवलं. तुमच्याकडे एखादी महेश्वरी साडी असेल तर तिचे काठ नीट पाहा, महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडातली नक्षी त्या काठांत उतरलीय. काशी विश्वेश्वराचं आजचं देऊळ त्यांनीच १७८० मध्ये बांधून पूर्ण केलं. सोमनाथला, गयेला, वेरूळला त्यांच्या हातचं काम आहे. एवढं सगळं करून राजाज्ञेवर त्या स्वतःचं नाव घालत नसत, 'श्रीशंकर' लिहीत. स्वतःचं नाव मागे ठेवणाऱ्या बाईचं नाव आज विमानतळाला आहे, इंदूर आणि सोलापूरच्या विद्यापीठांना आहे, एका जिल्ह्याला आहे.

तुम्ही नाशिकला आहात म्हणून आणखी एक. आग्रा रोडवर चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे आणि डोंगरात रेणुकामातेचं देऊळ, अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं. सव्वा महिना होऊन तुम्ही बाहेर पडायला लागलात की सासूबाईंना घेऊन देवीला जाऊन या. बारशाआधी जमलं तर उत्तम. घरात समोरासमोर बसून जे बोलणं भांडणाकडे जातं, ते देवळाच्या पायरीवर बसून बऱ्याचदा सरळ होतं.

नणंदेच्या 'जुनाट'कडे वळते. त्यांचं म्हणणं चूक नाही, पण ते जरा मागे पडलंय. नावांची चाल पाहिलीत तर कळेल. आपल्या पणजीच्या काळात नद्यांची, देवींची, पुराणातली नावं असत: गोदावरी, यमुना, द्वारका, सावित्री, अहिल्या. शाळेच्या दाखल्यावरसुद्धा पुढे 'बाई' लावूनच. मग सुमन, कुसुम, मालती, शालिनी आल्या. त्यानंतर संगीता, सुनीता, मनीषा, वैशाली. नव्वदीत पूजा, स्नेहल, प्रियांका. आणि आता अनाया, मायरा, आन्या. मधल्या पन्नासेक वर्षांत शहरी घरांतून 'अहिल्या' जवळजवळ दिसेनाशी झाली. आपल्याला माहीत असलेल्या अहिल्या नऊवारीतल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, थकलेल्या बायका होत्या, म्हणून नावही थकलेलं वाटायचं. ती पिढी गेली आणि नाव मोकळं झालं. आईच्या मैत्रिणींचं नाव मुलीला ठेवायला कुणी धजत नाही, पणजीचं मात्र ताजं वाटतं. सई, रमा, जिजा, मुक्ता, रेवा ही नावं अशीच परत आली. अहिल्याही परत येतेय. २०२१ मध्ये त्यांच्या आयुष्यावर हिंदी मालिका सुरू झाली, २०२५ मध्ये त्रिशताब्दी जयंती साजरी झाली, नगरचं अहिल्यानगर झालं. हे नाव आता लहान मुलांच्या कानावर रोज पडतंय. वर्गात मुलं चिडवतील ही भीती वीस वर्षांपूर्वी खरी होती, आज ती राहिलेली नाही. उलट एका वर्गात अनाया तीन असतील.

शेजारच्या काकूंच्या प्रश्नाचं उत्तर ठणठणीत द्या: हो, ठेवतात, आणि त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. बाकीच्या घरांनी हे नाव टाकून दिलं, तेव्हा धनगर समाजानं ते सांभाळलं. चौंडीला दरवर्षी ३१ मेला जयंतीला माणसं लोटतात, ती काही गेल्या चार वर्षांपासून नाही. नाव ऐकून तुमची जात कुणी चुकीची ओळखेल, एवढीच भीती असेल तर ती भीती पाळण्यापाशी आणू नका. लेकीच्या पहिल्या सोहळ्यात जातीच्या हिशेबाला जागा देऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. अठराव्या शतकातल्या त्या राणीनं देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या होळकरांच्या हद्दीपुरत्याही ठेवल्या नाहीत. मग तिचं नाव एका समाजापुरतं कसं ठेवणार?

राजकारणाचं म्हणाल तर १९२२ साली पुण्यात रणदिव्यांच्या घरी एक अहिल्या जन्मली, पुढे अहिल्या रांगणेकर म्हणून ओळखली गेली. लाल बावट्याची कार्यकर्ती, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली बाई, महागाईविरुद्ध मृणाल गोऱ्यांच्या बरोबरीनं लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेली, १९७७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून गेलेली. हेच नाव काशीच्या देवळासाठीही घेतलं जातं आणि कामगार बायकांच्या मोर्चासाठीही. ते कुठल्या एका पक्षाचं होऊच शकत नाही. मित्राला हे सांगा आणि तो विषय तिथेच संपवा.

अहल्या की अहिल्या? संस्कृतात अहल्या. मराठी तोंडात मधे इकार आला आणि अहिल्या झालं. दोन्ही चालतात, चूक कुठलंच नाही. तुम्ही होळकरांच्या अहिल्येवरून नाव ठेवताय, तर अहिल्याच लिहा. मात्र एकदा ठरवलं की सगळीकडे तेच, आणि इंग्रजी स्पेलिंगही आजच कागदावर लिहून ठरवा. शेवटी 'वाय' घालायचा की 'आय', यावरून पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असं झालं की पोरीला हेलपाटे पडतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो, त्यामुळे त्यावरचं नाव नीट तपासून घ्या. जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षात त्याला शुल्क पडत नाही. म्हणजे बारशाची तारीख गाठायची म्हणून कुणावर दबाव आणायची गरज नाही. आणखी एक, महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. अहिल्या म्हणताना पुढे तुमचं नाव लावून मोठ्यानं म्हणून बघा, कानाला कसं लागतं ते.

आता घरातलं. तुम्ही सगळं लक्ष सासूबाईंवर ठेवलंय, पण बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते ती आत्या, म्हणजे तुमची नणंद. ती तोंड पाडून उभी राहिली तर कितीही चांगलं नाव असो, सोहळ्याची गोडी जाते. म्हणून आधी तिच्याकडे जा. तिला सांगा, कानात पहिलं नाव सांगायचा मान तुझा, आणि अहिल्या हे नाव तुझ्या तोंडून बाळाला कळावं असं मला वाटतं. 'अनाया' तिला इतकं आवडलं असेल तर लाडानं तिनं त्याच नावानं हाक मारावी. आत्याचं नाव वेगळं असायला कुणाची हरकत नसते. अहिल्येला घरात अहू म्हणा, इलू म्हणा, तेही आत्यालाच ठरवू द्या.

सासूबाईंना पाळण्यातलं नाव निवडायला सांगा. नक्षत्राच्या चरणाक्षरावरून, कुलदेवीवरून, त्यांच्या आईवरून, त्यांना हवं ते. पाळण्यावर ते नाव आधी घ्या, मग अहिल्या. आणि ते नाव बारशापुरतं ठेवून विसरू नका. पत्रिकेत तेच लिहा, वाढदिवसाला औक्षण करताना त्याच नावानं हाक मारा. त्यांनी एवढं ऐकूनही नाहीच म्हटलं, तर एक महिना थांबा, बारसं साधं करा, दाखल्यावर नाव घालायची घाई करू नका. पण नाव बदलू नका. तुम्ही आणि तुमचा नवरा दोघंही त्या नावावर ठाम आहात, आणि नाव ठेवण्याचा अधिकार आधी आईबापांचा. हे सासूबाईंना तुमच्या नवऱ्यानं सांगायचं, तुम्ही नाही. तुमच्या पत्रात तो कुठेच बोलताना दिसला नाही. आईशी बोलायला त्याला आजच बसवा.